कॅरम बोर्ड धावत नाही? आमच्याकडे आणण्याआधी हे वाचा

नवा बोर्ड नेताना किंवा जुना दुरुस्तीला देताना हा कागद सोबत मिळतो. बोर्डच्या मागच्या बाजूला चिकटवून ठेवलात तर हरवणार नाही.

“बोर्ड स्लो झालाय, पॉलिश करून द्या.” हे वाक्य आम्हाला वर्षभर ऐकायला मिळतं, पावसाळ्यात तर जरा जास्तच. यातल्या पुष्कळ बोर्डांना पॉलिशची गरजच नसते. चार जिने उतरवून, रिक्षात आडवा घालून बोर्ड येतो, आम्ही कोरड्या फडक्याने वीस मिनिटं साफ करतो आणि तो पहिल्यासारखा धावायला लागतो. तुमची फेरी फुकट, आमचं टेबल अडकलेलं. बाकीच्या बोर्डांना मात्र खरंच काम लागतं आणि बहुतेक वेळा त्याला कारण एकच असतं: ओलं फडकं.

हे घडतं कसं तेही ठरलेलं आहे. सोंगट्या अडखळल्या की कोणीतरी पावडर टाकतं. पावडर जास्त झाली की त्या आणखी अडखळतात, मग आणखी पावडर. शेवटी ओट्यावरचं फडकं पिळून आणतात आणि लादी पुसावी तसा बोर्ड पुसून काढतात. पंधरा मिनिटांत वरून कोरडा दिसतो, म्हणून वाटतं काही झालं नाही.

झालेलं असतं ते पॉकेटच्या काठाला. बोर्डच्या वरच्या अंगाला लॅकर, म्हणजे पॉलिशचा गुळगुळीत थर असतो, तिथे पाणी पटकन शिरत नाही. पॉकेटचं भोक मात्र प्लायवूड कापून केलेलं असतं, साधारण 4.45 सेंटीमीटर व्यासाचं. तिथे प्लायवूडचे थर उघडे असतात आणि ते पाणी ओढून घेतात. वरचा थर फुगतो आणि पॉकेटच्या तोंडाशी एक कड वर येते, पत्त्याच्या जाडीएवढी. डोळ्यांना दिसत नाही. डोळे मिटा आणि तर्जनीचं टोक बाणावरून हलकेच पॉकेटकडे न्या. कड असेल तर बोटाला लागेल. सोंगटीचं वजन 5 ते साडेपाच ग्रॅम. जोरात मारलेली सोंगटी ती कड ओलांडून जाते, पण हलक्या हाताने कट केलेली पॉकेटच्या तोंडाशी येऊन उभी राहते. घरातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूची तक्रार आधी येते ती यामुळेच. बाकीच्यांना बोर्ड ठीकच वाटत असतो.

फुगलेला थर आपोआप पूर्ण खाली बसत नाही. आम्हाला तो घासावा लागतो, घासताना बाण पुसट होतात, बाण पुन्हा काढावे लागतात आणि मग सगळ्या बोर्डवर लॅकरचे हात द्यावे लागतात. एका फडक्यापायी आठवडा जातो. “एवढ्याशा कामाला इतके पैसे?” असं विचारणाऱ्यांनी काम चालू असताना जरूर येऊन बघावं.

दुसरी जागा म्हणजे फ्रेम आणि बोर्ड यांचा सांधा. पाण्यात कालवलेली पावडर तिथे जाऊन बसते आणि वाळली की चुन्यासारखी घट्ट होते. स्ट्रायकर फ्रेमला नीट भिडायच्या आधी त्या थरावर चढतो आणि रिबाउंडला सरळ परतायचा सोडून उडतो. मग लोक म्हणतात, फ्रेम खराब निघाली. फ्रेम बिचारी जागेवरच असते.

साफ असं करा

बोर्ड उभा करून मागून तळहाताने चार थापा मारा, सुटी पावडर खाली पडेल. मग आडवा ठेवून जुन्या, बऱ्याच वेळा धुतलेल्या सुती कापडाने पुसा. टॉवेल नको, त्याचे धागे सुटतात. मधून कडेकडे पुसत गेलात तर सगळी घाण सांध्यात भरते, म्हणून कडेकडून मधे ओढत आणा आणि मधे जमलेली कागदावर उचलून घ्या. सांध्यासाठी कोरडा टूथब्रश, चारही बाजूंनी. घट्ट बसलेली पावडर काढायला आइस्क्रीमची लाकडी काडी चालते. चाकू किंवा स्क्रूड्रायव्हर घातलात तर लॅकर निघेल. पॉकेटच्या जाळ्या सोडवून झटका. जाळीत साठलेली पावडर प्रत्येक सोंगटीला लागून परत बोर्डवर येते, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

चहा सांडला असेल किंवा चिवड्याचं तेल लागलं असेल तर तेवढ्याच डागावर काम करा. कापसाचा बोळा ओला करून अगदी कोरडा होईल इतका पिळा, डाग टिपा, लगेच कोरड्या कापडाने पुसा. पॉकेटपासून चार बोटांच्या आत डाग असेल तर ओला बोळाही नको, तो बोर्ड आमच्याकडे आणा.

थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि स्पिरिट यांतलं काहीही लावू नका. थिनर आणि रिमूव्हर लॅकर विरघळवतात, आणि जुन्या बोर्डवर चपडीचं (लाखेचं) पॉलिश असेल तर ते स्पिरिटने उठतं. फर्निचर चमकवायचा स्प्रे किंवा गाडीचं पॉलिश लावलेले बोर्डही येतात. दोन दिवस छान धावतात, मग धूळ धरतात. त्यातलं मेण आणि सिलिकॉन पूर्ण निघालं नाही तर आमचं नवं लॅकर त्या जागी बसतच नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. तुम्ही काही लावलं असेल तर आणताना सांगा. रागावत नाही, फक्त आधी कळलं तर एक दिवस वाचतो. झिरो नंबरचा पॉलिश पेपर घरी अजिबात मारू नका.

पावडर किती आणि कोणती

74 सेंटीमीटरच्या पूर्ण आकाराच्या बोर्डला दोन चिमटी पुरतात. डबा उपडा करून शिंपडायची सवय मोडायची असेल तर पुरचुंडी करा: मलमलचा रुमाल, त्यात दोन चमचे बोरिक पावडर, वर दोऱ्याची गाठ. ती बोर्डवर पाच-सहा ठिकाणी हलकेच आपटायची आणि कोरड्या कापडाने गोल फिरवून पसरायची. जाड कण आणि गुठळ्या मलमलमध्येच राहतात. आमच्याकडे तयार पुरचुंडी मिळते, पण घरी केलेली तितकीच चांगली चालते.

पसरल्यावर मधला लाल गोल आणि बाण स्वच्छ दिसले पाहिजेत. रेषा दुधाळ दिसत असतील किंवा स्ट्रायकरमागे पांढरी रेघ उमटत असेल तर पावडर जास्त आहे, पुसून टाका. तीन-चार बोर्ड, म्हणजे डाव, झाले की एकदा कोरडं कापड फिरवा आणि मगच नवी चिमूट टाका.

बोरिकचेच कण का, तर ते पातळ, चपट्या पापुद्र्यांसारखे असतात आणि एकमेकांवरून घसरतात. चेहऱ्याला लावायच्या पावडरमध्ये सुगंध असतो. हाताच्या घामाशी मिळाली की ती चिकट होते. मैदा, कॉर्नफ्लॉवर, आरारूट या स्वयंपाकघरातल्या युक्त्या दमट हवेत गुठळ्या धरतात आणि मुंग्या-झुरळांना आमंत्रण देतात. एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या: बोरिक पावडर पोटात जाता कामा नये. डबा लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका आणि खेळून उठल्यावर हात धुवूनच भज्यांच्या ताटाकडे वळा.

घरच्या घरी कसोटी

स्पर्धेच्या नियमांत बोर्डच्या गुळगुळीतपणाची कसोटी दिलेली आहे. 15 ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोर लावून समोरच्या फ्रेमवर मारला तर त्याने किमान साडेतीन वेळा ये-जा केली पाहिजे. साफ करून दोन चिमटी टाकल्यावर हे करून बघा. साडेतीन झाल्या तर तुमच्या बोर्डला पॉलिश नको. अडीचवर थांबत असेल तर आणा.

“सोंगट्या एका कोपऱ्याकडे पळतात” ही तक्रार असेल तर आधी बोर्ड कशावर ठेवलाय ते बघा. गादीवर, बादलीवर किंवा दोन मोड्यांवर ठेवलेला बोर्ड कोपऱ्याकडे पळणारच. गवंड्याची पाणसळ आधी एका कर्णावर, मग दुसऱ्यावर ठेवा आणि खाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून बुडबुडा मधे आणा. मग दोरा घ्या, दोघांनी समोरासमोरच्या कोपऱ्यांत पॉकेटच्या अलीकडे धरून ताणा, बोर्डला टेकवा. मधोमध दोऱ्याखालून दोन पत्ते एकावर एक सहज जात असतील तर बोर्ड मधे बसला आहे. त्यावर पॉलिशने काही होत नाही, आणि असा बोर्ड आम्ही पॉलिशला घेतही नाही. पैसे घेऊन तुमची तक्रार तशीच ठेवायची, यात कोणाचंच भलं नाही.

बोर्ड बसतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे पातळ प्लायवूड. स्पर्धेसाठी किमान 8 मिलिमीटर जाडी लागते. त्याहून पातळ बोर्ड स्वस्त पडतो, पण आमच्याकडे ठेवलेला नाही. दुसरं म्हणजे ठेवायची पद्धत. भिंतीला तिरका टेकवून ठेवलेला बोर्ड आपल्याच वजनाने वाकतो. ठेवायचा तर काटकोनात उभा, आतल्या कोरड्या भिंतीलगत, आणि महिन्यातून एकदा खालची बाजू बदलायची. पावसाची झड लागणाऱ्या भिंतीशी किंवा थेट फरशीवर नको. खाली लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवा. वाळवायला म्हणून उन्हात ठेवू नका, त्याने एका दुपारीत प्लायवूड पीळ खातं.

पावसाळ्यात पॉलिश का करत नाही

जून ते सप्टेंबर आम्ही लॅकरचं काम बंद ठेवतो. यावरून बरेच जण नाराज होतात. दमट हवेत लॅकर मारलं की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि बोर्ड पांढुरका पडतो. कोकणपट्टीत तर विचारूच नका. काही ठिकाणी या दिवसांतही करून देतात. आम्हाला ते दिवाळीत परत उतरवून पुन्हा करावं लागतं. साफसफाई, जाळ्या, फ्रेमचे सांधे, सोंगट्या ही कामं मात्र बारा महिने चालू असतात.

पावसाळ्यात बोर्ड मंद वाटला तर आधी त्यावर दिवा लावा. पूर्वी बोर्डवर शेडमध्ये साठ किंवा शंभर वॅटचा पिवळा बल्ब लटकत असे. तो उजेडाबरोबर ऊबही द्यायचा, त्यामुळे बोर्ड कोरडा राहायचा. एलईडीने वीज वाचली, ऊब गेली. खेळाआधी अर्धा तास जुना बल्ब लावून ठेवलात तरी फरक पडतो. बोर्डपासून दोन हात उंच ठेवा.

सोंगट्या आणि स्ट्रायकर

बोर्ड स्वच्छ करून त्यावर जुन्या, मळलेल्या सोंगट्या ठेवल्या तर मेहनत वाया. लाकडी सोंगट्या धुवू नका. त्या चिमूटभर पावडरबरोबर सुती पिशवीत घालून दोन मिनिटं हलवा आणि एकेक करून पुसा. मग प्रत्येक सोंगटी काचेवर ठेवून बोटाने दाबा. डुगडुगली तर ती वाकली आहे, तेवढीच बदला. सुट्या सोंगट्या आमच्याकडे मिळतात, पूर्ण संच घ्यायलाच हवा असं नाही.

स्ट्रायकरच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकलं तर टवका उडाला आहे आणि तोच तुमच्या बोर्डवर ओरखडे काढतोय. नियमात स्ट्रायकर 15 ग्रॅमपर्यंत आणि 4.13 सेंटीमीटर व्यासापर्यंत बसतो. त्याहून जड स्ट्रायकर फ्रेमला खोचे पाडतात. मुलांना भारी वाटतो म्हणून घेऊ नका.

नियमांवरून येणारे फोन

रात्री साडेदहाला घरात वाद झाला की फोन आमच्याकडे येतो, म्हणून चार ओळी. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक राणी. राणी घेतल्यावर कव्हर, म्हणजे तिच्यासोबत किंवा लगेच पुढच्या फटक्यात आपली सोंगटी, पडलं नाही तर राणी मधे परत. राणीचे गुण 3. पण तुमचे 22 गुण झाले की पुढे राणीचे गुण मिळत नाहीत. गेम 25 गुणांचा किंवा आठ बोर्डांचा, जे आधी होईल ते. स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकलाच पाहिजे. टोकाच्या लाल गोलावर ठेवायचा तर गोल पूर्ण झाका, नाहीतर त्याला अजिबात शिवू नका; अर्धा झाकलेला चालत नाही. अंगठ्याने मारलेलं चालतं, घरातल्या मोठ्यांनी कितीही नाकारलं तरी. काळ्याला दहा, पांढऱ्याला वीस हा हिशेब घरगुती आहे, मजेत खेळा, फक्त सुरू करायच्या आधी ठरवा.

आणताना

बोर्ड आधी चादरीत, मग वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. थेट प्लास्टिकमध्ये घातला तर आत घाम धरतो. पूर्ण आकाराचा बोर्ड बाहेरून 87 ते 89 सेंटीमीटर भरतो, स्कूटरवर मागे धरून आणू नका, कोपरा आपटून फ्रेमचा सांधा सुटतो. सोंगट्या आणि स्ट्रायकर सोबत आणा, तुमच्यासमोर त्यांच्यावरच बोर्ड तपासून देतो. नुसती साफसफाई निघाली तर तिचेच पैसे घेऊ. पहिल्या वेळी तेही नाही, पण ओल्या फडक्याची दुसरी वेळ असेल तर पूर्ण दर लागेल.