आमदार निधी की खासदार निधी? गावच्या रस्त्याचा अर्ज कुठे द्यायचा

आपल्या बेळगावच्या सीमाभागात गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला की फलकावर चार-पाच नावं येतात, पण पैसा नेमका कुणाचा हे गावात फारसं कुणाला ठाऊक नसतं. "आमदारांनी दिला" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. कामाचा अर्ज चुकीच्या दारात पडून वर्ष वाया जातं ते बऱ्याचदा इथूनच. आमदार निधी आणि खासदार निधी दिसायला सारखे आहेत, पण त्यांचे आकडे, नियम आणि कागद फिरण्याची वाट वेगवेगळी आहे.

आधी आकडे पाहू. खासदार निधी ही केंद्राची योजना. ती 23 डिसेंबर 1993 रोजी सुरू झाली आणि 2011-12 पासून दर खासदाराला वर्षाला 5 कोटी मिळतात. कोविडच्या काळात ती दीड वर्षाहून जास्त बंद होती. आमदार निधी कर्नाटक सरकारचा. तो विधानसभेच्या आमदारांना आणि विधान परिषदेच्या सदस्यांनाही वर्षाला 2 कोटी मिळतो. वरवर पाहता खासदाराची थैली मोठी वाटते. पण कर्नाटकात एका लोकसभा मतदारसंघात आठ विधानसभा मतदारसंघ येतात. 5 कोटींचे आठ वाटे केले तर एकेकाच्या वाट्याला साडेबासष्ट लाख येतात. त्याच मतदारसंघात आमदाराकडे 2 कोटी असतात. शिवाय खासदार निधीतले 15 टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी राखून ठेवावे लागतात, म्हणजे 75 लाख आणि साडेसदतीस लाख. तुमची वस्ती त्यात बसत असेल तर ते अर्जात पहिल्याच ओळीत लिहा. इतरांच्या गर्दीतून तुमचा कागद आपोआप वेगळा होतो.

दोन्ही निधींबाबत एक गैरसमज पक्का बसलेला आहे. पैसा ना आमदाराच्या हातात येतो ना खासदाराच्या. ते फक्त काम सुचवतात. मंजुरी, निधी सोडणं आणि यंत्रणा ठरवणं हे सगळं जिल्हा प्रशासनाकडून, म्हणजे आपल्या भाषेत डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसातून होतं. काम प्रत्यक्षात पंचायत राज इंजिनिअरिंग खातं, निर्मिती केंद्र (जिल्ह्याची बांधकाम संस्था) किंवा केआरआयडीएल (ग्रामीण बांधकामं करणारी राज्य सरकारची कंपनी) अशी एखादी यंत्रणा करते. त्यामुळे शिफारसपत्राची झेरॉक्स खिशात घेऊन फिरण्याला फारसा अर्थ नाही. प्रशासकीय मंजुरीचा क्रमांक आणि तारीख मिळाली की मगच काम खरं धरायचं. खासदार निधीत शिफारस पोचल्यापासून 45 दिवसांत मंजुरीचा निर्णय व्हावा असा नियम आहे. एप्रिल 2023 पासूनच्या सुधारित नियमांनी ही शिफारस ई-साक्षी पोर्टलवरून होते, त्यामुळे तिचा माग काढता येतो. आमदार निधीचा माग काढायचा तर डीसी ऑफिसातल्या त्या टेबलापाशी जाऊन उभं राहावं लागतं, आणि राज्याचा हप्ता उशिरा आला की मंजूर कामंही रेंगाळतात.

सीमाभागातली खास अडचण मतदारसंघांची आहे. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या 18 जागा आहेत, पण त्या तीन लोकसभा मतदारसंघांत वाटल्या गेल्यात. निपाणी, चिक्कोडी-सदलगा, अथणी, कागवाड, कुडची, रायबाग, हुक्केरी आणि यमकनमर्डी हे चिक्कोडीत जातात. बेळगाव ग्रामीण, शहरातले उत्तर आणि दक्षिण, गोकाक वगैरे बेळगावात. खानापूर आणि कित्तूर मात्र उत्तर कन्नड लोकसभेत आहेत. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या गावानं बेळगावच्या खासदाराला निवेदन देणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात ताट मांडणं. त्यातही जिल्हा बदलतो: खासदार उत्तर कन्नडचा, तालुका बेळगाव जिल्ह्यातला. खासदाराला एक नोडल जिल्हा निवडावा लागतो आणि निधीचा मुख्य हिशेब तिथे राहतो. खानापूरचं काम मात्र बेळगावच्या यंत्रणेकडूनच होणार. म्हणून खानापूरकरांनी खासदाराच्या कार्यालयात दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: नोडल जिल्हा कोणता, आणि शिफारस बेळगावकडे पोचली का.

आमदाराकडे रांग लांब असेल तर विधान परिषदेचा मार्ग बहुतेक जण विसरतात. स्थानिक संस्थांच्या मतदारसंघातून बेळगावचे दोन सदस्य निवडून जातात आणि त्यांच्या मतदारांत मोठा भरणा ग्रामपंचायत सदस्यांचाच. तुमच्या पंचायत सदस्याच्या शब्दाला तिथे वजन असतं, ते वापरा.

आता फलकावरच्या मोठ्या आकड्यांबद्दल. "आमच्या प्रयत्नांनी 3 कोटींचा रस्ता मंजूर" असं दिसलं तर तो बहुधा आमदार निधी नसतो. वर्षाचे सगळे 2 कोटी एका रस्त्यावर कुणी घालत नाही. तो पैसा सार्वजनिक बांधकाम किंवा ग्रामविकास खात्याचा किंवा प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा असतो. गावाला मुख्य रस्त्याशी जोडणारा तीन-चार किलोमीटरचा डांबरी रस्ता हवा असेल तर आमदार-खासदार निधीमागे लागू नका. गल्लीतला सिमेंट रस्ता, गटार, समुदाय भवन, शाळेची खोली, बसथांबा हीच या निधीची कामं. देवळाच्या आवारातलं बांधकाम, जमीन खरेदी आणि खासगी मालमत्ता यांवर खासदार निधी खर्च करता येत नाही. समुदाय भवनाची जागा देवस्थानच्या नावावर निघाली की फाइल तिथेच अडते.

जागा हाच सगळ्यात मोठा अडथळा. वाट पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीची असते, पण उताऱ्यावर ती एखाद्या भाऊबंदाच्या सर्वे नंबरातून जाते. खडी पडली की तोच स्टे आणतो. म्हणून अर्ज करण्याआधी पीडीओकडून (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याकडून) रस्ता पंचायतीच्या नोंदीत असल्याचा दाखला घ्या. नसेल तर संबंधितांची लेखी संमती आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. हेच काम दुसऱ्या कुठल्या योजनेच्या ॲक्शन प्लॅनमध्ये नाही, असंही पीडीओकडून लिहून घ्या. एकाच रस्त्यावर दोन योजना दिसल्या तर ऑडिट दोन्ही अडवतं. निवेदन मराठीत द्या, सोबत कन्नड प्रत ठेवा. फाइल कन्नडमधूनच चालते आणि भाषांतराच्या निमित्तानं ती पडून राहायला नको.

अंदाजपत्रकही समजून घ्या. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 15 सेंटिमीटर जाड रस्त्याला 45 घनमीटर काँक्रीट लागतं. जाडी 10 सेंटिमीटरवर आली तर ते 30 होतं, म्हणजे तिसरा हिस्सा गायब. कडेला पट्टी लावून बघणाऱ्यांना हे सापडत नाही, कारण कडेला फळीची उंची बरोबर असते आणि पोटाशी मात्र खडीचा उंचवटा ठेवलेला असतो. काँक्रीट ओतण्याआधी दोन्ही फळ्यांवर आडवी दोरी ताणा आणि मधोमध दोरीपासून खाली मोजा. तिथे 15 सेंटिमीटर भरले तरच पुढे. साधारण दर चार मीटरवर सांधा कापलेला हवा, नाहीतर काँक्रीट स्वतःच वाटेल तिथे तडकतं. पाणी किमान 14 दिवस मारायचं. अथणी-रायबागकडच्या काळ्या मातीत खालचा मुरमाचा थर नीट दाबला नाही तर मातीच्या फुगण्यानं स्लॅब उचलते. खानापूरच्या पावसात प्रश्न वेगळा: गटार नसलं की कडेची माती वाहून जाते आणि रस्ता अधांतरी राहतो. म्हणून गटार त्याच अंदाजपत्रकात घ्या. "पुढच्या वर्षी बघू" म्हटलेलं गटार सहसा येत नाही.

वेळेचंही गणित आहे. आचारसंहिता लागली की दोन्ही निधींतून नवीन पैसे सुटत नाहीत. वर्क ऑर्डर निघालेली असली तरी प्रत्यक्ष काम सुरू झालेलं नसेल तर ते निवडणूक संपेपर्यंत थांबतं. चालू असलेलं काम मात्र पुढे जातं.

रस्ता झाला की तो पंचायतीच्या ताब्यात जातो. वर्षा-दोन वर्षांनी खड्डे पडले म्हणून आमदार किंवा खासदाराकडे जाऊन उपयोग नाही, ती दुरुस्ती पंचायतीच्या करातून किंवा वित्त आयोगाच्या मुक्त अनुदानातून करावी लागते. त्याआधी कंत्राटदाराची दोष-दुरुस्तीची मुदत संपलीय का ते करारनाम्यात बघा. मुदत चालू असेल तर फोटो जोडून यंत्रणेच्या इंजिनिअरला लेखी कळवा आणि पोच घ्या. त्या मुदतीत दुरुस्ती कंत्राटदारानं स्वखर्चानं करायची असते.