टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक: देखभालीच्या वादामागचा इतिहास

'फोर-स्ट्रोक टिकते, टू-स्ट्रोक सारखी खोलावी लागते.' डर्ट बाइकचा, म्हणजे मातीत-चिखलात पळवायच्या मोटारसायकलचा, विषय निघाला की हे वाक्य येतंच. (फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या चार हालचालींत एकदा स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये दोन हालचालींत एकदा.) लगेच दुसरा कुणी सांगतो की फोर-स्ट्रोकचं इंजिनकाम एकदा निघालं की खिसा रिकामा होतो. दोघांचंही खरं आहे. फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळ्या काळातली इंजिनं असतात.

१९२४ साली इंग्लंडमध्ये कॅम्बर्ली इथे 'स्क्रॅम्बल' नावाची शर्यत झाली. मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या खडबडीत वाटेवरच्या मोटारसायकल शर्यतींची, सुरुवात तिथपासून धरतात. पुढची चार दशकं या खेळावर राज्य केलं ते बीएसए गोल्ड स्टारसारख्या जड, एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकनी. पोलादी व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या झडपा), त्या उघडणारे पुशरॉड नावाचे दांडे आणि बेताचे आरपीएम असा सगळा मामला. ऑइल बदलायचं, टॅपेट सेट करायचे, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायची, आणि पुन्हा गाडी चिखलात घालायची. फोर-स्ट्रोकच्या टिकाऊपणाचा लौकिक या गाड्यांनी कमावला.

टू-स्ट्रोकला वर आणलं पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याने. वॉल्टर काडेन या अभियंत्याने एक्झॉस्टचा फुगीर पाइप असा बेतला की त्यातून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली होती. त्याच वर्षी त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि हे ज्ञान सुझुकीकडे गेलं. तिकडे मातीतल्या शर्यतींत चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेडवर पॉल फ्रीड्रिक्सने १९६६ ते १९६८ सलग तीनदा ५०० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवलं, आणि जुन्या फोर-स्ट्रोकचे दिवस भरले.

देखभालीच्या सवयीही तेव्हाच बदलल्या. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडणारा कॅमशाफ्ट नाही. पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरमधले पोर्ट (भिंतीतली भोकं) उघडतो आणि मिटतो. पण क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, पिस्टनवरच्या रिंगा पोर्टच्या कडांवरून घासत जातात, आणि वंगण म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेवढंच ऑइल. म्हणून पिस्टन-रिंग बदलणं, काजळी खरवडणं हे नेहमीचं काम झालं. काम वारंवार निघायचं, पण सोपं असायचं: हेड आणि सिलिंडर उचलला की पिस्टन समोर. कित्येक रायडरांनी इंजिन खोलायला शिकून घेतलं ते याच गाड्यांवर, आणि मला ही त्यांची सगळ्यात मोठी देणगी वाटते.

मग वारं फिरलं. धुराचे नियम कडक होऊ लागले. अमेरिकेतल्या शर्यतींच्या नियमांनी २५० सीसी टू-स्ट्रोकच्या वर्गात ५५० सीसीपर्यंतच्या फोर-स्ट्रोकना मुभा दिली होती. १९९७ मध्ये डग हेन्रीने यामाहाच्या फोर-स्ट्रोकवर लास वेगासची सुपरक्रॉस (स्टेडियममधली मोटोक्रॉस) जिंकली. पुढच्याच वर्षी यामाहाची वायझेड४००एफ बाजारात आली, आणि दहा वर्षांच्या आत होंडाने टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्या बनवणं थांबवलं.

ही नवी फोर-स्ट्रोक मात्र गोल्ड स्टारची वारसदार नव्हे. अकरा हजारांच्या वर फिरणारं इंजिन, आखूड पिस्टन, जेमतेम लिटर-दीड लिटर ऑइल, आणि पुढे बहुतेकांत टायटॅनियमचे व्हॉल्व्ह. या व्हॉल्व्हवरचा कठीण थर अगदी पातळ असतो. एअर फिल्टरमधून धूळ आत शिरली की तो झिजतो, व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये (बसण्याच्या कड्यात) खोल बसत जातो आणि क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवलेली बारीक फट, कमी होतो. शिम नावाची पातळ चकती बदलून ते एकदा-दोनदा जुळवता येतं. त्यानंतरही क्लिअरन्स कमी होतच राहिला तर व्हॉल्व्ह बदलायलाच हवेत. व्हॉल्व्ह तुटून आत पडला तर पिस्टन, हेड, कधी सिलिंडरही जातो. टू-स्ट्रोकलाही धूळ सोडत नाही. तिथे मिश्रण आधी क्रँककेसमधून (क्रँक बसवलेल्या खालच्या भागातून) जातं, त्यामुळे पिस्टनबरोबर क्रँकची बेअरिंगही खराब होतात.

म्हणून हल्ली दोन्ही गाड्यांवर अवरमीटर लावतात आणि तास मोजून सुटे भाग बदलतात. दोघींच्या तासांमध्ये फरक आहे, पण फिल्टर धुऊन, ऑइल लावून बसवण्याचं काम मातीतून आल्यावर दोघींनाही सारखंच करावं लागतं.