घरून काम आणि शारीरिक हालचाल

घरून अथवा कार्यालयाबाहेरून संगणकावर काम करणाऱ्या व्यक्तीची दिवसभरातील हालचाल, ती घटल्याने शरीरावर होणारे परिणाम आणि ती टिकवण्याचे उपाय यांचा विचार या नोंदीत केला आहे. बसणे कार्यालयातही असतेच. घरून काम सुरू झाले की नाहीशी होते ती बसण्याच्या मधली हालचाल : थांब्यापर्यंत चालत जाणे, जिने, सहकाऱ्याच्या टेबलापर्यंतची फेरी, बैठकीसाठी दुसऱ्या मजल्यावर जाणे, जेवायला खाली उतरणे. ही हालचाल व्यायाम म्हणून कोणी मोजत नव्हते. त्यामुळे ती गेल्याचेही लवकर ध्यानात येत नाही. ‘व्यायामाला वेळ मिळत नाही’ ही नेहमीची तक्रार खरी असली, तरी मोठा तोटा या न मोजलेल्या पावलांचा आहे.

बैठ्या कामाचे दुष्परिणाम वैद्यकाला नवे नाहीत. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि १७१३ मध्ये वाढवलेल्या व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथात शिंपी, चर्मकार, लेखनिक अशा बसून काम करणाऱ्यांची दुखणी नोंदवली आहेत. लेखनिकांच्या त्रासाची त्यांनी दिलेली तीन कारणे म्हणजे सततचे बसणे, हाताची एकाच पद्धतीची अखंड हालचाल आणि मनावरचा ताण. लॅपटॉपवर काम करणाऱ्याला यात काही भर घालावी लागणार नाही. संख्याशास्त्रीय पुरावा मात्र विसाव्या शतकात आला. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिवसभर बसून असणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक होत असल्याचे दिसले. गाडीतला जिना चढत-उतरत तिकिटे देणाऱ्या वाहकांमध्ये त्याचे प्रमाण कमी होते. पुढे १९५६ मध्ये मॉरिस यांनीच या कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या कमरेचा घेर मुळातच मोठा असल्याचे निघाले. म्हणजे सगळा फरक बसण्याच्या माथी मारता येत नव्हता. ‘बसणे म्हणजे नवे धूम्रपान’ यासारख्या घोषणा वाचताना ही सावधगिरी उपयोगी पडते. धूम्रपानाचा धोका बसण्याच्या धोक्याहून कितीतरी मोठा आहे.

दूरसंचाराच्या साहाय्याने कार्यालयाबाहेरून काम करण्याची कल्पना अमेरिकन अभियंता जॅक निल्स यांनी १९७३ मध्ये मांडली, ती रस्त्यांवरची कोंडी कमी व्हावी म्हणून. प्रवासाबरोबर चालणेही कमी होते, ही तिची दुसरी बाजू कोव्हिड-१९च्या साथीत, २०२० पासून असंख्य कर्मचारी एकाच वेळी घरी बसले तेव्हा ठळकपणे समोर आली.

बैठेपणा आणि व्यायामाचा अभाव. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागेपणी बसून, रेलून किंवा पडून असताना शरीर विश्रांतीच्या दीडपट किंवा त्याहून कमी ऊर्जा खर्च करत असेल, तर त्याला बैठेपणा म्हणतात. साध्या चालण्याने हा खर्च विश्रांतीच्या साधारण तिप्पट होतो. रोज सकाळी तासभर पळणारी व्यक्ती उरलेला दिवस खुर्चीत घालवत असेल, तर ती व्यायाम करणारी आणि तरीही बैठी असते. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयातील संशोधक जेम्स लेव्हिन यांनी व्यायाम सोडून होणाऱ्या हालचालीवर, म्हणजे उभे राहणे, वस्तू ठेवणे-उचलणे, येरझाऱ्या, अगदी चुळबुळ यांवर बराच अभ्यास केला. सारख्याच अंगकाठीच्या दोन माणसांत या किरकोळ वाटणाऱ्या हालचालीमुळे दिवसाच्या ऊर्जाखर्चात २,००० किलोकॅलरीपर्यंत फरक पडू शकतो, असे त्यांचे म्हणणे आहे. एवढा फरक टोकाच्या कामांमध्येच दिसेल. पण घरून काम करताना घट होते ती नेमकी याच खात्यात.

शरीरात काय होते. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून पायांच्या शिरांतले रक्त वर ढकलतात. बसल्यावर हा पंप थांबतो, पाय जड होतात, घोट्यांवर सूज येते. याचे विरळ पण गंभीर टोक म्हणजे शिरेत रक्ताची गुठळी होणे. २००३ मध्ये न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी, दिवसाचे अनेक तास संगणकासमोर बसणाऱ्या एका ३२ वर्षांच्या पुरुषाच्या पायात गुठळी होऊन ती फुप्फुसापर्यंत पोहोचल्याचे नोंदवले. विमानप्रवासाशी जोडला जाणारा हा विकार टेबलाशी बसूनही होऊ शकतो, हे त्यावरून दिसले. दुसरा परिणाम रक्तशर्करेवर होतो. मांड्या आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू काम करताना रक्तातली साखर वापरतात. ते निष्क्रिय असले की जेवणानंतर साखर जास्त चढते आणि उतरायला वेळ घेते. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड डन्स्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, वजन जास्त असलेल्या प्रौढांनी दर २० मिनिटांनी २ मिनिटे चालल्यावर जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन दोन्ही सलग बसण्याच्या तुलनेत कमी राहिले. रमतगमत चालण्यानेही हा परिणाम मिळाला, घाम निघावा लागला नाही.

किती हालचाल पुरेशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. त्यातली एक दुरुस्ती घरून काम करणाऱ्यांच्या विशेष सोयीची आहे. पूर्वी किमान १० मिनिटे सलग केलेला व्यायामच धरला जाई. ती अट काढून टाकली आहे. दोन बैठकांच्या मध्ये चढलेला जिनाही आता हिशोबात येतो. बसण्याचा वेळ कमी करावा असे संघटना सांगते, पण त्याची तासांत मर्यादा तिने घातलेली नाही, कारण तेवढा नेमका पुरावा हाती नाही. दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करणारे उल्फ एकेलुंड आणि सहकाऱ्यांचे २०१६ चे विश्लेषण असे सांगते की, दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांमध्ये दिसणारा मृत्यूचा वाढीव धोका रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये जवळजवळ दिसेनासा होतो. एवढा वेळ रोज काढणे थोड्यांनाच जमते, त्यामुळे बसण्याचा वेळच तोडणे अधिक व्यवहार्य ठरते.

रोजच्या १०,००० पावलांचे लक्ष्य प्रयोगशाळेतून आलेले नाही. १९६५ मध्ये जपानी बाजारात आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातच ते होते. वयस्क स्त्रियांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचे प्रमाण घटलेले दिसले आणि ७,५०० च्या आसपास लाभ स्थिरावला. घरात दिवस काढणाऱ्याची पावले किती खाली येतात हे फोनवर पाहिले की बहुतेकांना धक्का बसतो. तिथून हजारभर वाढवणे हे दहा हजारांच्या मागे लागण्यापेक्षा बरे.

हालचाल परत आणणे. इच्छाशक्तीवर सोडलेले उपाय फार टिकत नाहीत. दर अर्ध्या तासाला वाजणारा गजर पहिल्या आठवड्यात उठवतो, नंतर तो हाताने बंद केला जातो आणि माणूस तिथेच बसून राहतो. उठल्याशिवाय एखादे काम होणारच नाही अशी मांडणी केलेली अधिक चालते : पाणी, चार्जर, प्रिंटर हाताशी न ठेवणे, लहान पेला वापरणे, फोन आला की उभे राहायचे ही सवय लावणे. ज्या बैठकीत स्क्रीन पाहण्याची गरज नाही, ती कॅमेरा बंद करून, कानात इअरफोन घालून चालत ऐकता येते, मात्र त्यासाठी कॅमेरा बंद ठेवणे हा कामचुकारपणा नाही हे वरिष्ठांनी आधी मान्य करावे लागते. बैठका तासाऐवजी ५० मिनिटांच्या ठेवल्या की उठायला जागा मिळते. पाठोपाठ लावलेल्या बैठकांत सगळ्यात आधी बळी जातो तो हाच वेळ. काही जण काम सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर बाहेर फेरी मारून घरीच परततात. हा लटका प्रवास हास्यास्पद वाटला तरी त्याचे फायदे दोन आहेत : पावले होतात आणि कामाच्या दिवसाला सुरुवात व शेवट मिळतो. सकाळच्या फेरीत उजेडाचा लाभही होतो. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड हजारो लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो, खोलीतला बहुधा काहीशे. झोपेचे घड्याळ जाग्यावर राहायला हा फरक महत्त्वाचा असतो.

उभे राहून काम करण्याच्या टेबलाविषयी मात्र अपेक्षा माफक ठेवाव्यात. उभे राहण्याने बसण्यापेक्षा मिनिटाला सुमारे ०.१५ किलोकॅलरी जास्त खर्च होतात, म्हणजे सहा तासांत ५४ च्या आसपास. दिवसभर उभे राहिल्यानेही कंबर, टाचा आणि पायांच्या शिरा यांना त्रास होतो. आलटून पालटून बसणे आणि उभे राहणे एवढाच त्याचा खरा उपयोग.

बसण्याची मांडणी. घरातली मोठी अडचण लॅपटॉपची आहे. त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असल्याने एक योग्य उंचीवर आणला की दुसरा चुकतो : हात सोयीचे झाले तर मान वाकते, मान सरळ झाली तर खांदे वर चढतात. वेगळा कीबोर्ड आणि माउस घेऊन लॅपटॉप पुस्तकांच्या चवडीवर ठेवणे हा स्वस्त आणि पुरेसा उपाय आहे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली, अंतर साधारण हातभर, कोपर शरीराजवळ आणि जवळजवळ काटकोनात, पाय जमिनीवर टेकलेले अशी बैठक असावी. पलंगावर किंवा सोफ्यावर रेलून केलेले काम तासाभरापुरते सुखाचे वाटते, नंतर कंबर हिशोब मागते. तरीही आदर्श बैठक शोधत बसण्यापेक्षा ती वारंवार बदलणे महत्त्वाचे.

पडद्याकडे पाहताना पापण्या कमी वेळा मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात व चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहण्याचा सर्वज्ञात नियम स्मरणसूत्र म्हणून ठीक आहे. खिडकीशी जाऊन पाहिले तर उठणेही होते.

कामाचे तास आणि नियम. हालचाल कमी होण्यामागे अनेकदा आळसापेक्षा लांबलेला दिवस असतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ मधील संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. पडद्यासमोरच्या कामात नियमित खंड पडावा अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी युरोपीय समुदायाच्या (आजच्या युरोपीय संघाच्या) १९९० च्या निर्देशाने मालकावर टाकली आहे, परंतु कर्मचाऱ्याच्या घरात ती तपासणे अवघड जाते. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क २०१७ पासून लागू आहे. पोर्तुगालने २०२१ मध्ये केलेल्या कायद्यानुसार, तातडीचे प्रसंग वगळता मालकाने विश्रांतीच्या वेळेत कर्मचाऱ्याशी संपर्क साधू नये आणि एकटेपणा कमी व्हावा म्हणून त्याची वरिष्ठांशी व सहकाऱ्यांशी अधूनमधून प्रत्यक्ष भेट घडवावी. करारात वेगळे ठरले नसेल, तर अशा दोन भेटींमध्ये दोन महिन्यांहून अधिक काळ जाऊ देता येत नाही.