पार्श्वभूमी : पेंग्विनच्या वसाहती आणि 20 किलोमीटरचा वाद

आफ्रिकन पेंग्विन जगतो सार्डिन आणि अँकोव्हीवर. पुण्यात गणेश पेठेतल्या मासळी बाजारात मिळणाऱ्या तारली-मांदेलीचे हे भाऊबंद. पूर्वी बेटांवरचा ग्वानो, म्हणजे साचलेली पक्ष्यांची विष्ठा, ज्यात पेंग्विन घरटी कोरतात, खरवडून नेला गेला, अंडी उचलली गेली, ते सर्वश्रुत आहे. आजचा प्रश्न भुकेचा आहे.

पिल्लं लहान असताना आईबापांपैकी एक जण घरट्यावर थांबतो, दुसरा समुद्रात जातो. मासे लांब गेले की फेरी लांबते आणि पिल्लू अर्धपोटी राहतं. 2000 च्या सुमारास माशांचे थवे दक्षिण आफ्रिकेचा पश्चिम किनारा सोडून खंडाच्या दक्षिण टोकाच्या, अगुल्हास भूशिराच्या, पूर्वेकडे सरकले. पेंग्विन मात्र आपली वसाहत सहसा सोडत नाही, त्यामुळे पश्चिमेकडच्या डॅसेन आणि रॉबेन बेटांवरच्या पेंग्विनच्या जोड्या घटत गेल्या.

पुण्यातल्या पक्षीमित्रांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो : बेटांभोवतीची मासेमारी थांबवून नेमकं काय साधलं? प्रयोग 2008 मध्ये सुरू झाला. पश्चिमेला डॅसेन-रॉबेन, पूर्वेला अल्गोआ उपसागरात सेंट क्रॉइ-बर्ड, अशा बेटांच्या दोन जोड्या. जोडीतल्या एका बेटाभोवती 20 किलोमीटरपर्यंत पर्स सीन जाळ्यांना (माशांच्या थव्याला वेढून खालून आवळली जाणारी मोठी जाळी) बंदी, दुसरं खुलं, मग पाळी बदलायची. शनिवारवाड्यापासून सिंहगड सरळ रेषेत साधारण इतकाच दूर आहे. सेंट क्रॉइभोवती बंदी येताच तीन महिन्यांत तिथल्या पक्ष्यांचे शिकारीचे कष्ट सुमारे 30 टक्क्यांनी घटले. खुल्या राहिलेल्या बर्ड बेटावर ते वाढले.

इथून आकडेमोडीचं भांडण पेटलं. संशोधकांच्या एका गटाने प्रत्येक पक्ष्याची, प्रत्येक फेरीची नोंद हिशेबात धरली. दुसऱ्याने वर्षाची सरासरी काढून फक्त तीच मोजली, कारण एकाच वर्षातल्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. आक्षेप शास्त्राला धरून होता, पण सरासरीत गाळल्यावर हाती मोजकीच वर्षं उरतात आणि खरा फायदाही धूसर होतो. या वादात दशकाहून जास्त काळ गेला, आणि त्याची किंमत पक्ष्यांनी मोजली. 2023 मध्ये परदेशी तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं की बंदीने फायदा होतो, पण संख्यावाढीच्या दरात तो वर्षाला एखाद्या टक्क्याच्या आसपासच. वसाहती ओस पडत असताना एक टक्का कमी कसा म्हणायचा?

त्यातच 2016 पासून अल्गोआ उपसागरात जहाजांना भर समुद्रात इंधन भरून देणं सुरू झालं, रहदारी आणि गोंगाट वाढला. सेंट क्रॉइ ही एके काळची सर्वांत मोठी वसाहत, ती कोसळली. 2024 मध्ये ही जात अतिसंकटग्रस्त ठरली. बंदीच्या सीमा कुठे आखायच्या यावरून प्रकरण न्यायालयात गेलं, मार्च 2025 मध्ये तडजोड झाली आणि रॉबेन व बर्ड बेटांभोवती पूर्ण 20 किलोमीटरची बंदी मान्य झाली.