बटाट्याचे डम्पलिंग : नाव आधीचं, बटाटा नंतरचा

डम्पलिंग म्हणजे पाण्यात उकळून शिजवलेले गोळे. बटाट्याच्या डम्पलिंगला लागतं ते इतकंच: उकडलेला बटाटा, थोडं पीठ, मीठ. कृती इतकी साधी की ती फार जुनी असणार असंच कुणालाही वाटेल; पण तसं नाही. बटाटा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अँडीजमधून स्पेनमार्गे युरोपात आला खरा, पण पुढची जवळजवळ दोनशे वर्षं तिथल्या बहुतेक स्वयंपाकघरांत त्याला जागा नव्हती.

खरा घोळ नावांचा आहे. इटलीतलं ‘न्योक्की’, जर्मन भाषेतली ‘क्नोडेल’ आणि ‘क्लोस’ ही नावं बटाट्याच्या आधीची. तेव्हा हे गोळे पिठाचे, शिळ्या पावाच्या चुऱ्याचे, चीजचे असत. न्योक्कीची व्युत्पत्ती कुणी लाकडातल्या गाठीशी जोडतं, कुणी बोटाच्या सांध्याशी. त्यात मध्ययुगीन इटलीत अशाच गोळ्यांना माकरोनीही म्हणत. म्हणून जुन्या मजकुरात न्योक्की दिसली की बटाटा गृहीत धरायचा, ही चूक सर्रास होते. इटलीतल्या व्हेरोना शहरातला कार्निव्हल घ्या. १५३१ च्या दुष्काळात भुकेल्या वस्तीत न्योक्कीचं सामान वाटलं गेलं आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, अशी तिथली कथा. आज उत्सवाचा मानकरी भल्यामोठ्या काट्यावर न्योक्की टोचून मिरवतो आणि लोक खातात ती बटाट्याची. पण १५३१ साली व्हेरोनात बटाटा नव्हताच. कथा खरी धरली तरी ते गोळे पिठाचेच. ही तफावत मला फार मोलाची वाटते, कारण नाव आणि आकार तसाच ठेवून आतला जिन्नस कसा बदलला, ते तिच्यात स्पष्ट दिसतं.

तो बदल भुकेने घडवला. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या राजाने १७५६ मध्ये आपल्या सायलेशिया प्रांतातल्या अधिकाऱ्यांना बटाट्याची लागवड वाढवण्याचा हुकूम दिला. १७७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मध्य युरोपात धान्य बुडालं. पुढे १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याच्या परिणामाने युरोपात १८१६ चा उन्हाळा आलाच नाही. दक्षिण जर्मनी आणि उत्तर इटलीत गहू परवडेनासा झाला. पिठात बटाटा मिसळला की तेवढ्याच पिठात जास्त माणसं जेवत.

कच्चा किसायचा की उकडायचा, यावर प्रदेशांची वाटणी झाली. जर्मनीतल्या थुरिंगियात साधारण दोन भाग कच्चा, किसून घट्ट पिळलेला बटाटा आणि एक भाग उकडलेला घेतात. गोळ्याच्या पोटात तळलेल्या पावाचे तुकडे. स्वीडनमध्ये ओलांड बेटावर मुख्यतः कच्चा, तर समोरच्या स्मोलांडमध्ये उकडलेला. लिथुआनियातल्या लांबट गोळ्यांना विसाव्या शतकात झेपेलिन नावाच्या, वायूने भरलेल्या लांबट हवाई जहाजांवरून नवं नाव मिळालं. १९४९ मध्ये म्युनिकमध्ये या गोळ्यांचं तयार कोरडं मिश्रण निघालं आणि किसण्या-पिळण्याचं कष्टाचं काम पुष्कळ घरांतून गेलं.

अंडं घालायचं की नाही, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. १८९१ मध्ये पहिल्यांदा छापलेल्या आणि पुढे आवृत्तीगणिक वाढत गेलेल्या एका गाजलेल्या इटालियन पाकपुस्तकात ४०० ग्रॅम बटाट्याला १५० ग्रॅम गव्हाचं पीठ सांगितलं आहे, अंडं नाही. पीठ कमी पडल्यामुळे उकळत्या पाण्यात गोळे विरघळून गेल्याचा एक प्रसंगही तिथे आहे. अंड्याची गरज बटाट्याच्या ओलाव्यावर ठरते. नवा, पाणचट बटाटा पीठ शोषत जातो, गोळा जड होतो, आणि मग बांधून ठेवायला अंडं लागतं. जुना, पिठूळ बटाटा सालासकट उकडला, गरम असतानाच किसला, वाफ जाऊ दिली आणि पीठ घातल्यावर फार मळला नाही, तर अंड्यावाचून चालतं. जास्त मळलं की बटाट्यातला स्टार्च सुटून सगळा गोळा डिंकासारखा चिकट होतो. अंडं घालणाऱ्यांना कमी लेखण्याचं कारण नाही, पण साठवणीतला जुना बटाटा हाताशी असताना ते घालू नये, असं माझं मत आहे.