बदलाचा दर : अपूर्णांक व ऋण संख्यांची शाब्दिक उदाहरणे

एखाद्या राशीत झालेला बदल भागिले तो बदल होण्यास लागलेला काळ म्हणजे बदलाचा दर. काळाऐवजी उंची, अंतर अशी दुसरी राशीही चालते. राशी वाढत असेल तर दर धन, घटत असेल तर ऋण. बदल नेहमी ‘नंतरची किंमत वजा आधीची किंमत’ असाच काढतात. हा क्रम उलटला की चिन्ह उलटते.

यातले अंकगणित फारसे अवघड नाही. घोटाळा होतो तो त्याआधी, वाक्य वाचताना. ‘पाणी ३/४ मीटरने उतरले’ यात बदल सांगितला आहे, ‘३/४ मीटरपर्यंत उतरले’ यात पातळी, तर ‘३/४ टाकी रिकामी झाली’ यात मीटरचा संबंधच नाही. तीनही वाक्यांत अपूर्णांक एकच. म्हणून आकडेमोडीआधी शून्य कुठे, धन दिशा कोणती आणि एकक कोणते हे ठरवून घ्यावे.

उदाहरणार्थ, एका विहिरीतले पाणी दीड महिन्यात सव्वादोन मीटरने उतरले. जमिनीची पातळी शून्य आणि वरची दिशा धन मानू. बदल −९/४ मीटर, काळ ३/२ महिने. दर = −९/४ ÷ ३/२ = −९/४ × २/३ = −३/२, म्हणजे महिन्याला −दीड मीटर. येथून पुढे ‘उतरणे’ हे काम चिन्हाकडे गेले. ‘पाणी महिन्याला −३/२ मीटरने उतरते’ असे लिहिले तर घट दोनदा मोजली जाते आणि काटेकोर अर्थाने पाणी चढू लागते.

आज पातळी −४ १/२ मीटर आहे. ती −९ ३/४ मीटरला कधी जाईल? बदल = −३९/४ − (−१८/४) = −२१/४. त्याला −३/२ ने भागले की ७/२, म्हणजे साडेतीन महिने. ऋणाला ऋणाने भागून धन उत्तर आले, आणि ते यायलाच हवे, कारण प्रश्न भविष्याचा आहे. दोन महिन्यांपूर्वीची पातळी हवी असेल तर काळ −२ घ्यायचा : (−३/२) × (−२) = +३, म्हणून पातळी −४ १/२ + ३ = −१ १/२ मीटर. ऋण गुणिले ऋण धन का, याचे इतके सरळ स्पष्टीकरण क्वचितच मिळते : जे उतरत आले आहे ते पूर्वी वर होते. अर्थात सगळा काळ दर एकच राहिला, असे येथे गृहीत धरले आहे. खऱ्या विहिरीला पाऊस आणि उपसा दोन्ही असतात.

धन, ऋण व शून्य यांच्या क्रियांचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त दिले. भाजकाचा अंश व छेद उलटवून गुणण्याची रीत भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (११५०) आहे. दर स्थिर असलेली बरीच उदाहरणे जुन्या त्रैराशिकानेही सुटतात. महाराष्ट्रातल्या शाळांत पूर्वी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (अनुक्रमे पाव, अर्धा, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन यांचे पाढे) पाठ करून घेत, त्यामुळे असे गुणाकार तोंडी होत. ऋण चिन्ह मात्र त्या पाठांतरात नव्हते.

प्रत्यक्ष वापरातले उदाहरण हवामानशास्त्रात सापडते. प्रमाण वातावरणात, म्हणजे हिशेबासाठी ठरवून घेतलेल्या आदर्श वातावरणात, समुद्रसपाटीला तापमान १५° से. आणि बदलाचा दर किलोमीटरला −१३/२° से. धरतात. त्यामुळे ११ किमी उंचीवर १५ + ११ × (−१३/२) = −५६ १/२° से. येते. हाच दर पुढे ओढून १५ किमीसाठी −८२ १/२ काढले तर आकडेमोड बिनचूक, पण उत्तर चूक : ११ ते २० किमी या पट्ट्यात प्रमाण वातावरणातला दर शून्य असतो, आणि तापमान −५६ १/२ वरच राहते.