पाठकोरा कागद आणि कागदाचा लगदा: पुनर्वापर व पुनर्चक्रण यांतील फरक

घरातील रद्दीविषयी बोलताना आपण ‘पुनर्वापर’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या क्रियांसाठी वापरतो. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मुलीने गणिते सोडवली, तर त्याला आपण पुनर्वापर म्हणतो. रद्दीवाल्याने नेलेल्या वर्तमानपत्रांचा कारखान्यात पुठ्ठा झाला, तर त्यालाही तेच म्हणतो. पहिल्या क्रियेत कागद हा कागदच राहतो. दुसऱ्या क्रियेत तो पाण्यात मोडतो, त्याचे तंतू सुटे होतात आणि त्या तंतूंपासून नवा कागद घडतो, म्हणून तिला पुनर्चक्रण म्हणणे अधिक योग्य. हा भेद केवळ शब्दांचा नाही. घरातला कोणता कागद कोठे ठेवायचा, हे त्यावरच ठरते.

पुनर्वापराला पाणी लागत नाही, इंधन लागत नाही, वाहतूकही लागत नाही. वर्ष संपले की वह्यांतली कोरी पाने काढून, ती सुईदोऱ्याने शिवून कच्ची वही करण्याची पद्धत अनेक घरांत होती, आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा तर हिशेबासाठी हाताशी असेच. या वापराला मर्यादा एवढीच, की दोन्ही बाजू भरल्या म्हणजे तो संपतो.

पुनर्चक्रण तेथून सुरू होते. कारखान्यात रद्दी पाण्यात घुसळून तिचा लगदा करतात, त्यातील टाचण्या व प्लास्टिकचे तुकडे गाळून काढतात, आणि पांढरा कागद हवा असेल तर साबणासारखी द्रव्ये घालून हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण त्या बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात. मात्र प्रत्येक फेरीत तंतू थोडे आखूड व दुबळे होतात, त्यामुळे साधारणपणे ५ ते ७ फेऱ्यांनंतर ते कागद धरून ठेवण्याजोगे उरत नाहीत. म्हणूनच लिहिण्याचा कागद पुढे अनेकदा पुठ्ठ्यात आणि अखेरीस अंड्यांच्या ट्रेमध्ये जातो. पाठकोरा कागद आधी लिहून संपवावा व मगच रद्दीत टाकावा, असा माझा आग्रह आहे तो याचसाठी: त्या मोजक्या फेऱ्यांतली एक फेरी अर्ध्या कोऱ्या कागदावर खर्च होऊ नये.

या दोहोंच्या सीमेवरचे एक उदाहरण आपल्या जुन्या घरांत सापडते. कागदाचे तुकडे भिजवून, त्यांत वाटलेली मेथी मिसळून केलेला लगदा बांबूच्या सुपा-टोपल्यांना लावत, किंवा एखाद्या भांड्यावर थापून वाळवत आणि त्याची टोपली करत. कागद मोडतो आणि तंतू पुन्हा जुळतात, त्यामुळे हे घरगुती पुनर्चक्रणच होय. रद्दीवाला सहसा घेत नाही अशा कागदाच्या चुऱ्यासाठी याहून चांगला उपयोग मला दिसत नाही.

याउलट, काही पुनर्वापर पुनर्चक्रणाची वाटच बंद करतात. वर्तमानपत्रात भजी किंवा वडापाव बांधणे हे त्याचे ठळक उदाहरण. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये गरम, तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास मनाई केली आहे. शिवाय तेल मुरलेला कागद लगद्यासाठीही निकामी ठरतो, म्हणजे आरोग्य आणि कागद दोन्ही गमावले जातात. कपाटाच्या फळीवर अंथरलेले वर्तमानपत्र मात्र वर्षभराने झटकून निर्धास्तपणे रद्दीत देता येते.

काही कागद दिसायला कागद असले, तरी ते गठ्ठ्यात मिसळू नयेत. दुकानातील यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावतीवर नखाने ओरखडा काढल्यास काळी रेघ उमटते, कारण तिच्यावर उष्णतेने रंगणारा रासायनिक थर असतो. चहाच्या कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचे अस्तर असते. भेटवस्तूचा चकचकीत कागद मुठीत चुरगळून सोडल्यावर पुन्हा उलगडू लागला, तर त्यातही प्लास्टिक असण्याची शक्यता धरावी.

जे रद्दीत द्यायचे ते कोरडे राहिले पाहिजे. पावसाळ्यात बाल्कनीत ठेवलेल्या गठ्ठ्याला बुरशी येते आणि ती तंतूच खाते, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात रद्दी घरातच, जमिनीपासून थोड्या उंचीवर ठेवावी आणि महिनाअखेरीची वाट न पाहता लवकर द्यावी.